आनंदीच्या हातातला पारा

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलेलं नाही. मुलाला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हासुद्धा एवढं एक वाक्य गाळून बाकीचं सगळं सांगते — जसं काही त्याला गाळलेलं कळतच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला घेतलं आहे. जमेल का? माहीत नाही. माझी खोड अशी की मी त्या गोष्टीच्या अगदी जवळ येते आणि मग दुसरंच काही बोलू लागते.

म्हणून आधी सोपं आहे ते सांगते.

मी धारगळची. मॅट्रिक झाल्यावर म्हापशाला एका दातांच्या डॉक्टरांकडे कामाला लागले. त्यांचं नाव लिहीत नाही. ते आता हयात नाहीत, आणि ही गोष्ट त्यांची नाही. बसस्टँडपासून चार पावलांवर, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पेशंट बसायचे. आतल्या खोलीत खुर्ची, हत्यारं उकळायचं भांडं, आणि खिडकीला लागून एक टेबल. खिडकी कायम बंद. खाली रस्ता, शुक्रवारी तर बाजाराची धूळ थेट वर यायची, आणि डॉक्टरांना गोंगाट चालत नसे. त्या टेबलावर मी चांदी करायचे.

चांदी म्हणजे दातात भरतात ती. आता सगळं बंद पुडीत तयार येतं म्हणे. तेव्हा हातानं करावी लागे. काचेच्या खलात चांदीची पूड घ्यायची, वर बाटलीतून पारा सोडायचा, आणि घोटायचं. लोण्यासारखं मऊ झालं की पातळ कापडाच्या तुकड्यात घेऊन अंगठ्यानं आणि दोन बोटांनी पिळायचं. जास्तीचा पारा कापडातून बाहेर यायचा — मोहरीएवढे थेंब, चकचकीत, एकमेकांना चिकटायला धावणारे. ते परत बाटलीत टाकायचे. काही फरशीवर सांडायचे. पोस्टकार्डाच्या कडेनं जमतील तेवढे गोळा करायचे, फटीत गेले ते गेले. हातमोजे कुणी घालत नव्हतं. दुपारी त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर आम्ही डबा उघडायचो.

पाच वर्षं मी ते काम केलं आणि मला ते आवडायचं. हात स्वच्छ दिसायचे, काम कसबाचं होतं, डॉक्टर कधी कधी म्हणायचे, "उषा, तुझी चांदी बरी बसते." असं कुणी म्हटलं की माणूस आणखी चांगलं पिळतो.

मग आनंदी आली.

आनंदी नार्व्याची. नवरा नदीतल्या मालवाहू बार्जवर कामाला होता, तापाचं निमित्त होऊन गेला. पदरात आठ वर्षांची मुलगी — सुलभा. दीर-जावेच्या घरात राहायची. नार्व्याहून डिचोली, डिचोलीहून म्हापसा, अशा दोन बस बदलून ती साडेआठच्या आत दवाखान्याच्या पायरीवर हजर असायची. झाडलोट करायची, भांडी उकळायची, पेशंटांना नंबरानं आत सोडायची. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. मी तिला आनंदीबाय म्हणायचे, ती मला नुसतं उषा. येताना पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम उंडे पाव घेऊन यायची आणि माझा वाटा पदराखाली झाकून ठेवायची. आणि नकला — काय नकला करायची ती. घाबरलेले पेशंट खुर्चीत कसे बसतात, इंजेक्शन पाहून एक डोळा कसा मिटतात. डॉक्टर आतून ओरडायचे आणि मग स्वतःच हसायचे.

हे सगळं लक्षात ठेवा. ती पुढे अशी राहिली नाही.

त्या सुमाराला धारगळातच माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. तिसऱ्या महिन्यात एक मूल गेलं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही — की हीसुद्धा सबबच? मला खरंच कळत नाही.

एक दिवस दातांच्या सामानाच्या कंपनीचा माणूस आला. डॉक्टर अजून यायचे होते. आनंदी खाली पाणी आणायला गेली होती. त्यानं टेबलावरचा खल पाहिला, कापड पाहिलं आणि विचारलं, "हे हातानं कोण करतं?"

मी म्हटलं, मी.

तो माझ्या बोटांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाई, तोंडाला धातूची चव येते का? झोप नीट लागते? हात कापतात का कधी?"

चव येत होती. हिरड्यांतून रक्त यायचं. झोप तर कित्येक महिने तुटक-तुटक. हात कापतात का हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं विचारलं तेव्हा पाहिलं, आणि मला वाटलं की कापतात. भीतीनं कापत होते का पाऱ्यानं, कोण सांगणार?

त्यानं एक पत्रक दिलं. डॉक्टरांना द्या म्हणाला. त्याच्याकडे एक बंद डबीत घोटायचं छोटं यंत्र होतं, त्याची माहिती होती. आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात ते कशासाठी, ते लिहिलं होतं. डॉक्टर यायला उशीर झाला, तो माणूस दुसरीकडे जायचं म्हणून निघून गेला. डॉक्टर आले तेव्हा कंपनीवाला येऊन गेला एवढंच सांगितलं, पत्रक मी माझ्या पिशवीत ठेवलं.

घरी दिराची डिक्शनरी घेऊन बसले. एकेक शब्द लावला. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नसतो. ती श्वासातून आत जाते. मेंदूत, मज्जातंतूंत बसते. हात थरथरतात. माणूस विसरतो, चिडतो, लोकांना भितो, कोपऱ्यात बसतो. आणि शेवटी पोटातल्या मुलाविषयी एक ओळ होती. ती ओळ मी तीनदा लावली. शब्दकोश मिटला आणि पत्रक साड्यांच्या खाली ठेवून दिलं.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी पत्रक डॉक्टरांपुढे ठेवायचं. त्यात काय होतं? ते काही राक्षस नव्हते. यंत्र महाग म्हणून कुरकुरले असते, एखाद वेळी घेतलंही असतं. पण मला वाटलं — घेतलं नाही तर? "तुला भीती वाटते तर दुसरं काम बघ" म्हणाले तर? त्या वेळी एवढं वाटलं खरं. नंतर मी त्याला पुष्कळ कारणं चिकटवली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं की माझ्या हाताला खाज येते, चट्टे उठतात. आणि म्हटलं, "आनंदीबायचा हात बघा ना, किती स्थिर आहे. मी शिकवते तिला."

"शिकव," ते म्हणाले.

मी तिला शिकवलं. टेबलापासून दोन पावलं लांब उभी राहून. "आणखी घोट. आता कापडात घे. जोर लाव, अंगठ्यानं." मी मधे मधे श्वास रोखून धरत होते. हे मी आज आठवून लिहीत नाही — मला तेव्हाही ठाऊक होतं की मी श्वास रोखला आहे आणि ती मोकळा घेते आहे.

ती किती खूश झाली म्हणून सांगू. झाडू मारणारी बाई आता डॉक्टरांच्या हातात चांदी देणार. नार्व्यात तिनं सगळ्यांना सांगितलं. मला म्हणाली, "तुका लागून म्हज्या हाताक कसब आयलें गो." तुझ्यामुळे माझ्या हाताला कसब आलं. त्या शुक्रवारी बाजारातून तिनं माझ्यासाठी केळ्यांचा घड आणला. मी तो घरी नेला. आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

एकदा ती हळूच मला इंजेक्शनची रिकामी बाटली दाखवू लागली. आत पाऱ्याचा टपोरा थेंब होता. सुलभाला खेळायला न्यायचा होता. हातावर कसा पळतो ते बघून पोर हसेल म्हणाली. मी ती बाटली तिच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली. म्हटलं, डॉक्टर पारा मोजून ठेवतात, चोरीचा आळ येईल. ती घाबरली, तिनं थेंब परत मोठ्या बाटलीत सोडला.

म्हणजे मुलीसाठी मला बोलता आलं. खोटं कारण सांगून का होईना, आलं. मग आईसाठी तसंच एखादं खोटं कारण मला का सुचलं नाही? सुचलं असतं तर चांदी परत माझ्याकडे आली असती — म्हणून सुचलं नाही. दुसरं काय असणार?

ते दिवस भाषेच्या आंदोलनाचे होते. आम्ही घरात बोलतो कोंकणी, शाळेत शिकलो मराठी, आणि रस्त्यावर या दोन्हींच्या नावानं टायर जळत होते. एका बंदच्या वेळी दुपारीच गाड्या थांबल्या. आनंदीला डिचोलीची बस मिळेना. एक ओळखीचा टेम्पो पेडण्याकडे निघाला होता, त्यात बसवून मी तिला धारगळला माझ्या घरी आणलं. दोन दिवस ती आमच्याकडे राहिली. माझ्या सासूशी तिची अशी गट्टी जमली की सासू म्हणाली, ही तुझी थोरली बहीण शोभते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना पेज वाढली. आनंदीनं वाटी उचलली आणि ती वाटी तिच्या हातात खुळखुळली. ताटलीला लागून बारीक, सारखा आवाज. तिनं खाली ठेवली, पुन्हा उचलली. पेज मांडीवर सांडली. सासू म्हणाली, "अशक्तपणा आलाय हिला, खात नाही नीट." आनंदी हसली. मी मात्र तिच्या हाताकडे बघू शकले नाही. मी लोणच्याची बरणी शोधायला आत गेले आणि आत उभी राहिले. पत्रकातली हात थरथरण्याची ओळ बाहेर पेज सांडत बसली होती.

त्यानंतर बाकीच्या ओळीही एकेक करून आल्या. ती विसरू लागली — उकळायला ठेवलेलं भांडं, पेशंटचा नंबर, एकदा तर आपली बसच. नकला थांबल्या. आधी चिडायला लागली, मग उगाच रडायला. अनोळखी पेशंट आला की दाराआड जायची. तिच्या ओठाचा एक कोपरा सारखा हलायचा. एक दिवस दुपारी डबा तसाच ठेवून माझा हात धरला आणि म्हणाली, "उषा, म्हाका भंय दिसता गो. कसलो, तें कळना."

तिला भीती वाटत होती आणि ती कशाची, ते तिला कळत नव्हतं. मला कळत होतं. तिचा हात माझ्या हातात थरथरत होता. मी म्हटलं, "देवाचं नाव घे, बरं वाटेल."

मी त्या वेळी पुन्हा गरोदर होते. चौथा महिना. मी टेबलाकडे जातच नव्हते. बाहेरच्या खोलीत कार्डं लिहायचे आणि दार ओढून घ्यायचे. आनंदीला वाटायचं, मला वास सहन होत नाही म्हणून. तीच उठून दार नीट लावून घ्यायची.

गोवा घटक राज्य झालं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. लोक एकमेकांना पेढे देत होते, डॉक्टरांनीही आणले होते. सकाळची वेळ, पहिलाच पेशंट खुर्चीत. आनंदीच्या हातून पाऱ्याची बाटली पडली. फुटली. फरशीभर थेंब धावले. ती खाली बसून दोन्ही हातांनी ते गोळा करू लागली, तळव्यांनी, बोटांनी, आणि ते हातात राहीनात कारण हातच ठरत नव्हते. पेशंट उठून बाहेर गेला.  डॉक्टरांनी तिला पाणी प्यायला खाली पाठवलं आणि बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ येऊन बसले.

इथे मी नेहमी थांबते. गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात इथपर्यंत येते, आणि मग उठून काहीतरी कामाला लागते. चूल बघते, कपडे घड्या करते. आज उठत नाही.

डॉक्टर म्हणाले, "उषा, शिकत होतो तेव्हा आमचे एक सर सांगायचे, पाऱ्यानं हात कापतात. मी कधी मनावर घेतलं नाही. हिचं तसलं काही नसेल ना?" आणि मग, "तो कंपनीवाला मागे येऊन गेला म्हणालीस, त्यानं काही कागद ठेवला होता का?"

बघा, किती जवळ आले होते ते. मला काही सांगायचंसुद्धा नव्हतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. पत्रक तेव्हाही माझ्याकडे होतं, घरी ट्रंकेत, साड्यांच्या खाली.

मला काय दिसलं सांगू? मला आनंदी दिसली नाही. मला दिसलं की डॉक्टर विचारतील, कागद केव्हा दिला? मग हिशेब लागेल — कागद आला तेव्हा, आणि माझ्या हाताला खाज आली तेव्हा. आनंदीला कळेल. नार्व्याहून तिचा दीर येईल. माझ्या सासरी कळेल. आणि कदाचित म्हणतील, आता तूच कर परत. मी पदर पोटावर ओढून घेतला.

मी म्हटलं, "कागद वगैरे काही नाही ठेवला." आणि एवढ्यावर थांबले असते तरी —

मी म्हटलं, "डॉक्टर, सांगू नये, पण तिच्या तोंडाला सकाळी वास येतो. फेणीचा."

तेच. हेच ते वाक्य.

आनंदीनं आयुष्यात फेणीला हात लावला नव्हता. लहानपणी बापाचं पिणं तिनं पाहिलं होतं. दारू प्यायलेला पेशंट आला तर ती खिडकी उघडायला धावायची, डॉक्टर रागावले तरी. हे मला माहीत होतं.

 डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला. खरंच मोकळा झाला — त्यांच्यावरचं काहीतरी मी उचलून घेतलं होतं. "बाईमाणूस, एकटी," ते म्हणाले, "काय करणार. पण इथं नको असलं."

त्यांनी तिला आत बोलावलं. मी बाहेर कार्डं लावत बसले. दार उघडं होतं. डॉक्टर हळू बोलत होते, चांगुलपणानं, घरी जा, विश्रांती घे, ही सवय सोड. आधीची आनंदी असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण आता ती माणसांपुढे उभीच राहू शकत नव्हती. "हांव?" एवढंच म्हणाली. मी? मग बाहेर आली, खल धुतला, पालथा ठेवला, चपला घातल्या. माझ्याजवळ थांबली. मी वर पाहिलं नाही. मी एका पेशंटचं आडनाव लिहीत होते आणि ते चुकलं.

डॉक्टर भले, म्हणून त्यांनी तिच्या दिराला चिठ्ठी दिली. काळजी घ्या म्हणून. त्या चिठ्ठीनं सगळ्या नार्व्याला कळलं. पुढे डिचोलीत तिला डॉक्टरकडे नेलं तेव्हा दिरानं पहिल्यांदा दारूचंच सांगितलं. मग पुढे कोण कशाला तपासणार?

आणि दवाखान्यात काय झालं ठाऊक आहे? चार-पाच महिन्यांत दुसऱ्या कंपनीचा माणूस आला आणि डॉक्टरांनी ते बंद डबीचं यंत्र घेतलं. फार कुरकुरलेही नाहीत.

माझा मुलगा झाला, धडधाकट. तो सहा महिन्यांचा झाला तेव्हा मी नार्व्याला गेले. तिच्या ओढीनं गेले असं म्हणायला मला आवडलं असतं. मी भीतीपोटी गेले. तिला काही कळलंय का, ते बघायला.

अंगणात सुपारी सोलत बसली होती. हात आधीपेक्षा शांत होते, पण अडकित्ता तिच्याकडे देत नव्हते, नुसती सालं काढायला बसवत. मला पाहून उठली, ओठाचा कोपरा हलला. जावेनं चहा आणला. मला भरलेला कप, आनंदीला अर्धा. "तिच्या हातांत भरिल्लो दिवंक जायना," जाऊ म्हणाली — भरलेला देता येत नाही — आणि माझ्याकडे बघून तोंडाकडे अंगठा नेला — पिते, अशी खूण. आनंदीनं ती पाहिली.

जाऊ आत गेल्यावर ती म्हणाली, "तुका खबर आसा मगो, हांव पियेना म्हण?"

तुला ठाऊक आहे ना, मी पीत नाही म्हणून?

मी म्हटलं, "खबर आसा."

ती रडली नाही. खाली बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि म्हणाली, एका तरी माणसाला ठाऊक आहे, मग पुरे. मग मुलाकडे बघून हसली. निघताना तिनं त्याच्या मुठीत एक नाणं कोंबलं. तिच्याकडे नाणं कुठून आलं असेल?

त्या दिवशी मला सांगता आलं असतं. तिला, जावेला, दिराला. घरात माणसं होती, उजेड होता. मी शेवटची बस चुकेल म्हणाले.

पुढे मी वर्षातून एकदा जायला लागले, गोकुळाष्टमीच्या सुमाराला. लोक म्हणायचे, बघा, दवाखान्यातली मैत्रीण अजून आठवण ठेवते. सुलभा मोठी झाली. हुशार, थोडी कडक. आईशी ती बोलायची ते एखाद्या चुकार माणसाशी बोलावं तसं. लग्न करून डिचोलीत गेली. तिच्या मुलाच्या बारशाला मी होते. आनंदीनं नातवाला घ्यायला हात पुढे केले. हात कापत होते — म्हातारपण नव्हे, ते तिथं राहूनच गेलेलं कापणं. सुलभानं बाळ दुसऱ्या हातावर घेतलं आणि हळूच म्हणाली, "आई, तू बस. लोक हात बघतील." आनंदी बसली. पुढे केलेले हात तिनं पदरात गुंडाळले. सगळ्या बायका पाळण्याभोवती गाणी म्हणत होत्या. मीही म्हणत होते.

अलीकडे माझेही हात कापतात. सकाळी कप उचलताना मी आधी तो हात बघते. नवरा म्हणतो वय झालं. मी पणजीला मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी विचारलं, पूर्वी काय काम करायचात? आणि मी — एका श्वासात — सगळं सांगितलं. खल, कापड, पारा, बंद खिडकी, किती वर्षं, रोज किती वेळा. स्वतःसाठी मला एकही शब्द अडला नाही. त्यांनी तपासलं, म्हणाले, याचं कारण बहुतेक वयच. मी घरी येऊन दार लावून बसले. मला वाटत होतं की आता येईल. अजून वाटतं. कुणी जिन्यावरून चढताना दिसलं नाही, तरी पावलं ऐकू यावीत तसं.

आनंदी गेल्या पावसाळ्यानंतर गेली. साध्या तापानं. बाराव्याला मी नार्व्याला गेले. जेवणं झाली, माणसं पांगली. सुलभा माझ्याजवळ येऊन बसली. तिचेही केस पिकायला लागलेत. माझ्या ताटाखालचं पाणी पुसत तिनं खाली बघूनच विचारलं, "मावशी, तू तिच्याबरोबर काम केलंस म्हणून तुलाच विचारते. बाकी कुणाला ठाऊक नसेल. आई खरंच पीत होती?"

सगळं संपलं होतं. डॉक्टर नव्हते, दीर नव्हता, ती नव्हती. माझी नोकरी कधीच गेली होती, मुलगा मोठा झाला होता. हरवण्यासारखं काही उरलं नव्हतं — फक्त सुलभाच्या तोंडची "मावशी" एवढी हाक.

मी म्हटलं, "थोडी. पण नंतर सोडली होती गं तिनं."

सुलभानं मान हलवली. डोळे पुसले. "सोडली होती ना," म्हणाली, "तेवढंच बरं." आणि मला बससाठी नाक्यापर्यंत पोचवायला आली. पिशवी तिनंच धरली होती.

आनंदी कधीच प्यायली नव्हती. तिचे हात पाऱ्यानं गेले. तो पारा काय करतो हे वाचून झाल्यावर मी तो तिच्या हातात दिला, आणि तिचं नाव मी घालवलं, दोनदा — एकदा डॉक्टरांजवळ, एकदा तिच्या लेकीजवळ.